गट क्रमांक चार अंकांत लिहा

४ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी गावातले तीनशे बारा मोबाईल एकदम वाजले. संदेश असा : 'अनडिफाइंड येथे बिबट्या दिसला आहे. सावध राहा.' अर्धं गाव पोरांना ओढत घरात शिरलं आणि उरलेलं अर्धं डेअरीपुढे उभं राहून हसलं. गेणभाऊंनी मला रस्त्यात अडवलं. "नूतनताई, थोरला मळा ठाव हाय, चिंचेचा मळा ठाव हाय. ह्यो अनडिफाइंड मळा कुनाच्या वाटणीला आला?"

मी घराकडे वळले. 

गेल्या चैत्रात शेजारच्या गावात उसाच्या कडेला खेळणारं चार वर्षांचं पोर गेलं. त्यानंतर भरतने ही योजना ग्रामपंचायतीत आणली. भरत माझा भाचा आणि गावचा सरपंच. बिबट्या दिसला की कोणीही एका नंबरवर संदेश टाकायचा, मशीनने तो क्षणात सगळ्यांच्या फोनवर मोठ्या भोंग्यासह पोचवायचा. प्रोग्रॅम लिहिला साक्षीने. बीसीएस झालेली, बावीस वर्षांची, बौद्धवस्तीतल्या हनुमंतची मुलगी. तिची आई आमच्या मळ्यात खुरपायला येते. देखरेख माझ्याकडे, कारण मी चौतीस वर्षं पुण्याला विमा कार्यालयात संगणक विभागात काढली. भरत म्हणाला, "आत्या, तुमची शिस्त पायजे."

शिस्त! आज दुपारी तिचा प्रोग्रॅम उघडून बघितला. जिथे तिथे 'एनी'. संदेश एनी, ठिकाण एनी, वेळ एनी. प्रोग्रॅममध्ये एखादं नाव वापरायचं, तर त्यात काय भरणार ते आधी जाहीर करायचं असतं. अंक की अक्षरं, किती अंक, तारीख कशी. आम्ही कोबोल या जुन्या संगणकी भाषेत एकेका नावापुढे अक्षरांची घरं मोजून लिहायचो. हिने सगळ्यांपुढे लिहिलं, काहीही. म्हणजे काहीच जाहीर केलं नाही.

सकाळी कोणी तरी नुसता फोटो पाठवला, मजकूर नव्हता. मशीनने त्यातून ठिकाण काढायचा प्रयत्न केला. ठिकाण नव्हतंच, म्हणून 'अनडिफाइंड', म्हणजे ठरलेलंच नाही. एनी लिहिल्यामुळे मशीनने तिला आधी टोकलं नाही. उद्या खरा बिबट्या आला तर लोक पुन्हा हसतील आणि हसता हसता एखादं पोर जाईल.

उद्या-परवा तिला बोलावते.

६ नोव्हेंबर, गुरुवार

साक्षी दहाला आली. ओट्यावर बसलो, आत फार उकडत होतं.

मी सरळ विचारलं, "एनी कोणी शिकवलं?"

"मॅडम, ते चुकलंच माझं. घाईत लिहिलं. आता बदललंय." तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. एनीच्या जागी सगळीकडे 'अननोन'.

"फरक काय? हेही काहीही, तेही काहीही."

"फरक आहे ना. एनी म्हणजे विचारूच नका, वाटेल ते करा. अननोन म्हणजे आत काहीही असू शकतं, पण तपासल्याशिवाय त्यातलं काही वापरता येत नाही. मी ठिकाण काढायला गेले की मशीन आधीच अडवतं. बाकी जसं आलं तसं पुढं पाठवता येतं."

"मग तपास. ठिकाण नसेल तर टाकून दे."

"टाकून कशाला द्यायचं? पोचवायला आत काय आहे ते कळायची गरजच नाही. तुम्ही पुण्याला शिकायला होता, तेव्हा घरून एसटीने डबा यायचा ना? कंडक्टर डबा उघडून बघायचा का, भाकरी आहे का पोळी?"

डबा यायचा, हे खरं. आळेफाट्यावरून सकाळच्या गाडीत आई द्यायची आणि शिवाजीनगरला मी उतरवून घ्यायची. पण हे मुलीने मला ऐकवायचं कारण नव्हतं.

मी म्हटलं, "डब्यावर नाव आणि पत्ता असायचा. नसता तर कंडक्टरने घेतला नसता."

"पाठवणाऱ्याचा नंबर असतो की मॅडम. तोच पत्ता."

मी तिला कागदावर लिहून दिलं. संदेशात तीन गोष्टी हव्यात. गट क्रमांक, चार अंक. तीनच अंकी गट असेल तर पुढे शून्य लावायचं. काय दिसलं : बिबट्या, पिल्लू, ठसे, शिकार, यांतलं एक. वेळ, चोवीस तासांच्या घड्याळाची. 'वाघ' चालणार नाही. या तालुक्यात वाघ नाही, हे लोकांना एकदा कळलं पाहिजे. यात न बसणारा संदेश मशीनने परत करायचा आणि नोंदही ठेवायची नाही. मला कचरा साठवायचा नाही.

तिने कागद वाचला. मग म्हणाली, "मॅडम, गट नंबर ज्याची जमीन त्याला पाठ असतो. आईला कसा माहीत असेल? ती तर रोज वेगळ्या रानात असते."

"माहीत करून घ्यावा. अठरा वर्षं आमच्याच मळ्यात येते."

"आणि वाघ सगळेच म्हणतात."

"म्हणोत. लिहिताना बिबट्या लिहावं."

तिने माझ्यासमोर तिच्या ओळी पुसल्या आणि माझे नियम घातले. हात चांगला चालतो तिचा. वळण लागलं तर ही मुलगी पुढे जाईल.

जाताना पायरीवर थांबून म्हणाली, "हे तुमच्या सांगण्यावरून आहे, एवढं लक्षात ठेवा."

उद्धट आहे.

१० नोव्हेंबर, सोमवार

चार दिवसांत पाच संदेश, पाचही निर्दोष. गट, प्राणी, वेळ. वाचताना बरं वाटलं. पूर्वी आठवड्याला तीस-चाळीस यायचे. 'आरं पळा', 'हितं बगा', कोणाचा नुसता रडवेला आवाज. म्हणजे बहुतेक सगळा कचराच होता, हे आता सिद्ध झालं.

माझा भाऊ सावळारामदादा बेल्ह्याच्या बाजाराला गेला होता. तिथे बैल बघताना दोघांनी त्याला विचारलं म्हणे, तुमच्या गावाची मशीन लई भारी हाय म्हणत्यात. दादा संध्याकाळभर खूश होता. भरतने पंचायत समितीच्या साहेबांना फोन लावून सांगितलं, "आमच्या आत्यांनी शून्य चूक सिस्टिम केलीय."

दवंडीसारखं स्पीकरवरून मी स्वतः सांगितलं : बिबट्या दिसला की शेजाऱ्यापाजाऱ्यांना फोन करत बसू नका, घाबरवाघाबरवी करू नका. मशीनलाच कळवा. मशीन वाजली तरच खरं समजा.

१५ नोव्हेंबर, शनिवार

वहिनी जेवताना कुरकुरत होती. साळुवहिनी, दादाची बायको, भरतची आई. "तुमचं त्ये चार आकडं मला मेलीच्या ध्यानात ऱ्हात न्हाई. सून होऊन आले तवाधरनं आपला मळा म्हंजी डीपीचा मळा. विजेचा डबा हाय तिथं, संपलं."

"सातबाऱ्यावर डीपीचा मळा लिहिलंय का?"

"सातबारा तुमच्या दादाच्या कपाटात. त्यावर माझं नाव तरी कुठं हाय?"

दादा मान खाली घालून भाकरी कुस्करत राहिला. मी तिला आमचा गट कार्डावर लिहून दिला, ०३४७. तिने ते चोळीत खोचलं. दुसऱ्या दिवशी धुण्यात गेलं.

या आठवड्यात एकच संदेश. ऊसतोडीला टोळ्या आल्या आहेत, ऊस मोकळा होतो आहे, त्या मानाने एक कमी वाटतो. बिबटे पलीकडे सरकले असतील.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

वहिनीवर बिबट्याने झडप घातली. संध्याकाळी सहाच्या आत, डीपीपाशी घास कापताना. जिवंत आहे. आळेफाट्याच्या दवाखान्यात आहोत. मशीन वाजली नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

मानेवर, खांद्यावर आणि डोक्यात मिळून एकेचाळीस टाके. डॉक्टर म्हणाले, दात आणखी बोटभर आत गेला असता तर काही करता आलं नसतं. उजवा हात उचलेल की नाही ते महिन्याने कळेल.

साक्षीची आई आणि आणखी दोघी खुरपी घेऊन ओरडत धावल्या म्हणून त्याने सोडलं. साक्षीच्या आईच्या हातालाही ओरखडा आहे. तिने तो पदराने बांधला होता. पट्टी करून घे म्हटलं तर म्हणाली, "आदी आईंचं बगा."

भरत दवाखान्याच्या दारात साक्षीवर तुटून पडला. ती आपल्या आईला बघायला आली होती. "सहा महिनं गावानं तुजी मशीन म्हून कौतुक केलं! आईच्या नरडीला दात लागलं तरी वाजली न्हाई! काय केलंस काय तू?"

साक्षी त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होती. "मॅडम, माझ्या आईने मेसेज केला होता. चाळीस मिनिटं आधी."

मी म्हटलं, "केला असता तर नोंद असती. मी सकाळी सगळं तपासलंय. काल दुपारपासून एकही संदेश आलेला नाही. नोंद नाही म्हणजे संदेश नाही."

"नोंद नाही, कारण..."

"कारण काय ते मला सांगू नकोस. चौतीस वर्षं नोंदी बघितल्यात मी."

ती आईचा हात धरून निघून गेली. माझं रक्त अजून उसळतं आहे. आईचं नाव पुढे करून आपली चूक झाकायची! बावीस वर्षांची पोर!

२४ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी अहवाल लिहून भरतकडे दिला. दोन पानं. प्रोग्रॅमची रचना मुळात ढिसाळ होती, दुरुस्तीनंतरही विश्वासार्ह राहिली नाही. साक्षीला या कामावरून काढावं आणि पंचायतीचा लॅपटॉप परत घ्यावा. रविवारी ग्रामसभेत वाचायचा. पुण्यापलीकडे उरुळीजवळच्या कुठल्याशा कंपनीत तिचं नोकरीचं चाललं आहे म्हणे. तिथून ग्रामपंचायतीला पत्र आलंय, कामाचा दाखला मागणारं. भरत म्हणाला, दाखल्याला हाच अहवाल जोडू.

दुपारी दवाखान्यात गेले. वहिनी आज बोलली. घोगरं, थांबत थांबत.

"साक्षीची आई द्रौपदा वरडत व्हती. लांबून, कालव्यावरनं. वाघ हाय, बाहेर या, म्हून. हातात मोबाईल व्हता तिच्या."

"मग निघाली का नाहीस तू?"

"माझ्या वटीत फोन व्हता की. मी बगितला. वाजंना. म्हणलं, मशीन वाजली न्हाई तर ह्ये खरं नसंल. तुमीच तर सांगितलं व्हतं स्पीकरवरनं. आन दोन पेंढ्या ऱ्हायल्या व्हत्या."

मी तिला पाणी पाजलं. बाहेर येऊन बाकावर बसले. समोर नारळपाणीवाला गिऱ्हाइकाशी भांडत होता आणि मला त्या दोघांचा विलक्षण राग आला.

वहिनीला गुंगीचं औषध चालू आहे. गुंगीत माणूस काहीही बोलतं. पण ती पेंढ्या मोजून सांगत होती.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

बौद्धवस्तीत गेले. निवडणुकीच्या याद्या करायला एकदा गेले होते, तेवढंच. शंभर पावलं अंतर आहे आमच्या ओट्यापासून.

द्रौपदाबाई अंगणात भांडी घासत होत्या, डाव्या हाताने. उजव्याला पट्टी. मला बघून उठल्या, आत नेलं, घरातली एकुलती खुर्ची पुसून दिली आणि स्वतः खाली बसल्या. मी म्हटलं, "मलाही खाली चालेल." त्या म्हणाल्या, "न्हाई, बसा वर. पाठीचं दुखणं हाय तुमचं, ठाव हाय मला." कसं ठाऊक, ते विचारलं नाही. चहा आला. चहा घेण्याआधी मी फोन मागितला.

उतरवून घेते. तारीख २१, पाच वाजून नऊ मिनिटं :

'साळूआईच्या मळ्यात डीपीपाशी वाघ हाय उसात गेला'

मशीनचं उत्तर, त्याच मिनिटाला : 'संदेश अपूर्ण. गट क्रमांक चार अंकांत लिहा.'

पाच अकरा : 'गट म्हाईत न्हाई सावळाराम आबाचा मळा'

'संदेश अपूर्ण. गट क्रमांक चार अंकांत लिहा.'

पाच सोळा : '63'

'संदेश अपूर्ण. गट क्रमांक चार अंकांत लिहा.'

"त्रेसष्ट कुठून आणलेत?" मी विचारलं.

"डीपीच्या खांबाव पांढऱ्या रंगानं लिवल्यालं हाय. मशीन आकडा मागत व्हती. तिथं त्योच आकडा व्हता. त्यो बगाया मी उसाच्या कडंला जाऊन आले. तवा आई तिथं आल्या नव्हत्या."

त्या आकड्यासाठी ही बाई बिबट्या बसलेल्या उसाच्या कडेला जाऊन आली.

पाच एकवीस : 'ताई तुमी तरी बगा'

'संदेश अपूर्ण. गट क्रमांक चार अंकांत लिहा.'

हा चौथा मला होता. त्यांना वाटत होतं, पलीकडे मी बसून वाचते आहे.

मग मला जे करायला नको होतं तेच मी केलं. मी चिडले. "चारदा कशाला? घरी फोन का नाही केला? दादाला? भरतला?"

"तुमीच बोल्ला व्हता स्पीकरवर. कुनाला फोन करत बसू नका, मशीनलाच कळवा." राग नव्हता आवाजात. "मला वाटलं मशीन शिकल्याली हाय, मी न्हाई. माझंच कायतरी चुकत आसंल. म्हून परत परत केला. मंग वरडत पळाले."

चहावर साय धरली होती. ती तशीच प्यायले.

निघताना म्हणाल्या, "ताई, पोरीला दाखला द्याल नव्हं? सायबाचा फोन आला व्हता काल."

मी चपला घालून निघाले. 

२७ नोव्हेंबर, गुरुवार

साक्षीला निरोप पाठवला, ओट्यावर ये. उलट निरोप आला : मॅडमना पंचायतीत यायला सांगा, लॅपटॉप तिथे आहे.

गेले. तिने मला बसा म्हटलं नाही. मी बसले.

"तुझ्या जुन्या ओळी आहेत का?"

"तुम्ही पुसायला लावल्या, मी पुसल्या. पण ठेवल्यात." तिने त्या काढल्या. "हे बघा. पोचवणारं फंक्शन. काय येईल ते जाहीर केलंय : काहीही. म्हणून ह्याला आतलं बघताच येत नाही. गट आहे का, वाघ लिहिलंय का बिबट्या, कोणी लिहिलंय. बघता येत नाही, म्हणून निवडता येत नाही. आलं की पोचवायचं, एवढंच करू शकतं. दुसरं काही करायला गेलं की चालूच होत नाही. त्या दिवशी मी हेच सांगत होते."

मी ओळी दोनदा वाचल्या, मग तिसऱ्यांदा. चौतीस वर्षं मला वाटत आलं की घोषणा जितकी अरुंद, तितकी शिस्त जास्त. हिची घोषणा सगळ्यांत रुंद आहे आणि त्यातच एक अट माझ्या सगळ्या नियमांपेक्षा कडक आहे : जे तुला समजत नाही त्यातलं काही गृहीत धरायचं नाही. एनीत ही अट नव्हती, तिथे मी बरोबर होते. अननोनमध्ये होती, तिथे मला ती दिसली नाही. खरं तर मी बघितलीच नाही. ती सांगणारी कोण होती, ते मी बघितलं.

विम्याच्या कामात माझी पद्धत योग्यच होती. पॉलिसीचा क्रमांक पॉलिसीवर छापलेला असतो. बिबट्या बघितलेल्या बाईजवळ काय छापलेलं असतं?

"हे परत चालू कर," मी म्हटलं. "ठिकाण वेगळं तपास. सापडलं तर वर लिही, नाही सापडलं तर जसंच्या तसं जाऊ दे."

"करते. पण आधी अहवाल."

"तो भरतकडे आहे."

"म्हणून तर."

भरतकडे गेले. कचेरीचं दार लावून घेतलं त्याने. "आत्या, आता काय त्याचं? पोरगी चाललीच नोकरीला. हितं तिचं काय जातंय? तुमचं नाव निघालं तर गाव मला खाईल. सरपंचाच्या आत्यानं सरपंचाच्या आईला..." पुढचं त्याने गिळलं.

"हाच अहवाल जोडला तर नोकरी मिळेल तिला?"

"मिळंल की दुसरीकडं."

तो लहान असताना मी त्याला बेरीज चुकली म्हणून उन्हात उभं करत असे. आज तसंच करावंसं वाटलं. अहवाल मागितला. म्हणाला, कपाटात आहे, किल्ली ग्रामसेवकाकडे.

३० नोव्हेंबर, रविवार

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात. नेहमी साठ-सत्तर माणूस येतं, आज दोनशेच्या वर. बायकाही होत्या. साक्षी आणि द्रौपदाबाई मागे, झाडाखाली. हनुमंत त्यांच्याजवळ उभा.

भरतने अहवाल ग्रामसेवकाला वाचायला दिला. एक परिच्छेद झाला आणि मी उठले. "थांबवा. हा मी लिहिलाय आणि तो खोटा आहे."

"आत्या, बसा खाली. तब्येत बरी न्हाई त्यांची," भरत माईकमध्ये बोलला.

"तब्येत ठणठणीत आहे. माईक दे."

दिला नाही. मग मी माईकशिवायच वाचलं. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचावा असा आवाज माझ्या शिक्षिका आईचा होता, तो मला आहे. द्रौपदाबाईंचे चारही संदेश, वेळेसह. प्रत्येकानंतर मशीनचं उत्तर, तेच, चारदा. दुसऱ्या उत्तराला मागे कोणी तरी हसलं. तिसऱ्यानंतर कोणी हसलं नाही.

गेणभाऊ उठले. "मंग ताई, मशीनला नोटीस काढा की!"

"मशीनला नाही. हे वाक्य मशीनचं नाही, माझं आहे. गट हवाच, हा नियम माझा. वाघ लिहायचं नाही, हा माझा. परत केलेल्या संदेशाची नोंद ठेवायची नाही, हाही माझा. साक्षीने मला सहा तारखेला सांगितलं होतं की हिच्या आईला गट माहीत नसतो. मी म्हटलं, माहीत करून घ्यावा."

"पन गट नंबर म्हाईत असायलाच पायजे की मान्साला," पुढच्या रांगेतला भगवंत बोलला. पस्तीस एकरवाला आहे तो.

"तुझी बायको आलीय ना? विचार तिला तुझा गट."

त्याच्या बायकोने पदर तोंडाला लावला. बायकांत हशा उठला, मग कुजबुज, मग एकीने मोठ्याने सांगितलं की तिनेही एकदा संदेश केला होता, 'अपूर्ण' आला, म्हणून परत केलाच नाही. मग दुसरी उठली. तिसरी. ऊसतोडीच्या टोळीतली एक म्हणाली, आमचा तर गावच दुसरा, आम्ही कुठला गट लिहायचा. सात जणी मी मोजल्या. ज्या 'निर्दोष' दिवसांचं मला बरं वाटलं होतं, त्या दिवसांतल्या सात.

मी ग्रामसेवकाच्या हातातून अहवाल घेतला. फाडला नाही. दुसऱ्या पानावर 'ढिसाळ' हा शब्द होता, तिथे खाली काय घडलं ते लिहिलं, सही केली, आणि साक्षीचा दाखला मी वेगळ्या कागदावर स्वतः लिहून आणला होता तो भरतपुढे ठेवला. "शिक्का मार."

"आत्या, आई दवाखान्यात हाय माझी."

"मला माहीत आहे कुठे आहे ती. शिक्का मार."

मारला. माझ्याकडे न बघता.

साक्षीने दाखला घेतला, उभ्या उभ्या पूर्ण वाचला. मला वाटलं, काही बोलेल. ती म्हणाली, "तारीख राहिली." मी तारीख घातली.

४ डिसेंबर, गुरुवार

साक्षीने सोमवारी नवी आवृत्ती चालू केली. पुण्याला ती पंधरा तारखेला जाणार. तोवर रोज एक तास मला शिकवते आणि त्या तासापलीकडे एक शब्द बोलत नाही. ज्या संदेशांतून मशीनला ठिकाण सापडत नाही, ते पुढे जातातच, शिवाय माझ्या फोनवर वेगळे दिसतात. ते मी वाचायचे, फोन करून विचारायचं, कुठे आहात. हे काम तिने मला दिलं आहे. विचारलं नाही, दिलं.

आज पाचच्या सुमाराला भोंगा झाला. संदेशात शब्द नव्हते, नुसता फोटो. उसाच्या पाचटात तपकिरी काही तरी. तीनशे बारा फोन वाजले. मी पाठवणाऱ्याला फोन लावला, गेणभाऊ निघाले. "ताई, आता जरा जवळनं बगतोय... कुत्रं हाय वो. शिरप्याचं तांबडं कुत्रं."

अर्ध्या तासात डेअरीपुढे हसणं सुरू. दादा म्हणाला, झालं, पुन्हा अनडिफाइंड. माझ्या डोक्यात सणक गेली. लॅपटॉप उघडला. फोटो आला तर आधी मी बघेन, मंजुरी देईन, मगच पुढे, अशी एक अट घालायला किती लागतं? चार ओळी. मी तीन लिहिल्या.

तेवढ्यात वहिनी दारात आली. परवाच घरी आणलीय तिला, हात अजून गळ्यात अडकवलेला. आज न सांगता गोठ्यापर्यंत गेली होती. धापा टाकत म्हणाली, "फोन वाजला. पेंढी तिथंच टाकली आन आले. काय व्हतं?"

"कुत्रं होतं."

"आसंल." ती भिंतीला टेकून बसली. "चहा ठेवा. आन पेंढी आणा जावा कुनीतरी, म्हस वरडंल."

मी तिन्ही ओळी पुसल्या. मग पेंढी आणायला गेले.